खुनी चालेल, कंजूष चालणार नाही

रहस्यकादंबरी, म्हणजे जिच्या पहिल्या काही प्रकरणांत एक खून पडतो आणि उरलेल्या प्रकरणांत तो कोणी केला हे वाचकापासून लपवून ठेवले जाते ती कादंबरी, माणसांच्या बाबतीत फार खर्चिक असते. तिला एक प्रेत लागते, सहा-सात संशयित लागतात, एक शोधक लागतो आणि या सर्वांवर पाळत ठेवण्याइतका रिकामा वेळ असलेली एक शेजारीण लागते. एवढी माणसे लेखकाने कल्पनेतून निर्माण करावीत अशी अपेक्षा असली, तरी प्रत्यक्षात तो ती आपल्या गावातून, गल्लीतून, चर्चच्या मंडळातून किंवा कचेरीतून उचलतो, त्यांची नावे बदलतो, एखाद्याची मिशी काढून दुसऱ्याला लावतो आणि पुस्तकाच्या आरंभी सर्व पात्रे काल्पनिक असल्याचे छापतो. ज्या खऱ्या व्यक्तीवरून पात्र बेतलेले असते, तिला प्रस्तुत लेखात ‘नमुना’ म्हटले आहे. नमुना कोठून आणला याचा शोध समीक्षक हौसेने घेतात, परंतु पुस्तक वाचल्यावर नमुन्याला काय वाटले, हा प्रश्न ते त्याच्या घरच्यांवर सोडून देतात. वस्तुतः हा दुसरा प्रश्नच अधिक उद्बोधक आहे. कारण उपलब्ध पुराव्यावरून असे दिसते की, आपल्याला खुनी केल्याबद्दल सहसा कोणी तक्रार करत नाही, प्रेत केल्याबद्दल तर त्याहूनही कमी जण करतात, आणि जे खरोखर चिडतात त्यांच्या चिडण्याची कारणे वेगळीच असतात.

या बाबतीतला एक बोलका प्रयोग अगाथा ख्रिस्ती यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या आपल्या गावी केला, आणि तो फसला. तेथील रुग्णालयात औषधे तयार करण्याच्या विभागात त्या काम करत असल्यामुळे विषांची त्यांना उत्तम माहिती होती. तुटवडा होता तो विष घालणाऱ्याचा. ओळखीतल्या एका गृहस्थाला हे काम द्यावे असे त्यांच्या मनात आले, परंतु त्याचा जितका विचार करावा तितका तो निरुपद्रवी वाटू लागला. ज्याच्याशी रोज हवापाण्याच्या गप्पा होतात तो कोणाच्या पेयात स्ट्रिक्नीन कालवील यावर लेखिकेचाच विश्वास बसेना, तेथे वाचकाचा काय बसणार! मग एके दिवशी ट्राममध्ये त्यांना हवे ते सापडले: काळ्या दाढीचा एक अनोळखी इसम, त्याच्या शेजारी अखंड बडबडणारी एक वृद्धा, आणि जवळच फुलझाडांच्या कंदांविषयी साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात व्याख्यान देणारी एक धिप्पाड स्त्री. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स’मधील काळी दाढी त्या ट्राममधून आलेली आहे. दाढीचा मूळ मालक आपल्या थांब्यावर उतरून गेला, आणि पुढील शंभर वर्षे लक्षावधी वाचक आपल्याकडे संशयाने पाहणार आहेत याची त्याला कल्पनाही आली नसावी. याच कादंबरीतील हर्क्यूल प्वारो या बेल्जियन शोधकाचे राष्ट्रीयत्वही गावातूनच उचललेले होते, कारण जर्मन आक्रमणानंतर बेल्जियममधून पळून आलेल्या निर्वासितांची एक वसाहत टॉर्कीत होती. ओळखीच्या माणसावरून पात्र बेतण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष ख्रिस्तीबाईंनी या अनुभवावरून काढला आणि बहुतेक सिद्धान्तकारांप्रमाणे पुढे अनेकदा मोडला.

मिस मार्पल ही त्यांची वृद्ध अविवाहित शोधक १९२७ साली एका लघुकथेत प्रथम अवतरली आणि १९३० साली ‘द मर्डर अॅट द व्हिकरेज’ या कादंबरीत स्थिरावली. तिची घडण लंडनजवळच्या ईलिंग येथील आजीच्या मैत्रिणींवरून झाली, असे लेखिकेने आत्मचरित्रात म्हटले आहे. खुद्द आजीचाही तीत एक अंश होता: जगातील प्रत्येकाविषयी सर्वांत वाईट ते गृहीत धरायचे आणि बहुधा बरोबर ठरायचे, ही तिची रीत नातीने जशीच्या तशी उचलली. मिस मार्पलची शोधपद्धती तर प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. ठसे, राख, चिखल यांच्या भानगडीत ती फारशी पडत नाही. सेंट मेरी मीड या आपल्या काल्पनिक गावातील कोणता पोरगा, कोणती मोलकरीण, कोणता दुकानदार या संशयितासारखा वागत असे, एवढे ती आठवते आणि खुनी पकडते. म्हणजे लेखिका गावातील माणूस घेऊन त्याचा खुनी करते, आणि नायिका खुनी घेऊन त्याचा गावातील माणूस करते. या दोघींच्या मध्ये सापडलेल्या गावाला सुटका नाही. त्या कादंबरीत कर्नल प्रोथेरो यांचा मुडदा पाद्र्याच्याच अभ्यासिकेत सापडतो, आणि प्रोथेरोंचा कोणी खून केला तर जगावर उपकारच होतील असे उद्गार खुद्द पाद्रीबुवांनी आरंभीच जेवणाच्या टेबलावर काढलेले असतात. प्रत्येक गावात असा एक कर्नल असतोच, मग तो सैन्यात गेलेला असो वा नसो.

नमुन्याच्या मानसशास्त्रावर सर्वाधिक प्रकाश टाकणारी व्यक्ती म्हणजे मेजर बेल्चर. ब्रिटिश साम्राज्याच्या नियोजित प्रदर्शनाच्या प्रचारासाठी १९२२ साली जगप्रवासाला निघालेल्या शिष्टमंडळाचे हे प्रमुख होते, आणि ख्रिस्तीबाईंचे पती त्यांचे आर्थिक सल्लागार म्हणून सोबत होते. बेल्चरसाहेबांचा स्वभाव तापट, लहरी आणि फर्मावणारा होता, आणि इतरांकडून सेवा करून घेण्याची त्यांची हातोटी असाधारण होती. आपल्या घरावर एक रहस्यकादंबरी लिहावी आणि तीत आपण असावे, असा लकडा त्यांनी लेखिकेमागे लावला. त्यांना प्रेताची भूमिका देण्याचा विचार पुढे आला, तेव्हा त्यांनी ती साफ नाकारली. पुस्तकातील सर्वांत मनोरंजक माणूस खुनी असतो, तेव्हा आपल्याला खुनीच करावे, अशी त्यांची मागणी होती. अखेर पतीच्या सूचनेवरून त्यांना ‘सर’ ही पदवी जोडण्यात आली आणि १९२४ सालच्या ‘द मॅन इन द ब्राउन सूट’मध्ये ते सर युस्टेस पेडलर म्हणून वावरले. सर युस्टेस यांचे पुढे काय होते ते शंभर वर्षांनंतरही येथे फोडणे बरे नव्हे. मेजरांच्या विनंतीचा अनादर झाला नाही, एवढे सांगून थांबावे. मुद्दा असा की, एका प्रतिष्ठित सरकारी पाहुण्याला खुनी होण्यात काहीच गैर वाटले नाही. त्याला अडचण वाटली ती तिसऱ्या प्रकरणात मरून उरलेल्या पुस्तकाला मुकण्याची.

याच्या नेमके उलटे उदाहरण इराकमधील ऊर येथील उत्खननाच्या छावणीत सापडते. वाळवंटातील उत्खननाचे घर हे एक छोटे गावच असते: तीच दहा-बारा माणसे, तेच जेवणाचे टेबल, रोज नवी कुरबुर. उत्खननाचे प्रमुख लिओनार्ड वूली यांच्या पत्नी कॅथरीन या देखण्या, कर्तबगार आणि साऱ्या छावणीला आपल्या मर्जीच्या तालावर नाचवणाऱ्या बाई होत्या. ख्रिस्तीबाईंनी १९३२ साली एक कथासंग्रह वूली दांपत्याला अर्पण केला आणि १९३६ साली ‘मर्डर इन मेसोपोटेमिया’मध्ये उत्खननप्रमुखाच्या देखण्या, मोहक आणि साऱ्यांची डोकी फिरवणाऱ्या पत्नीचा डोक्यात घाव घालून खून करविला. अर्पणपत्रिका व खून यांमधील हे चार वर्षांचे अंतर लेखिकेच्या संयमाची साक्ष देते. लेखिकेचे दुसरे पती पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन हे स्वतः वूलींच्या हाताखाली काम केलेले, त्यामुळे घरात थोडी धाकधूक होती. परंतु कॅथरीनबाईंना त्या पात्रात आपले काही दिसलेच नाही आणि त्या मुळीच रागावल्या नाहीत, असे मॅलोवन यांनी आठवणींत नोंदवले आहे. चित्र जितके हुबेहूब, तितका नमुना निर्धास्त राहतो. स्वतःचा स्वभाव ही एकच गोष्ट अशी आहे की जी गावात सर्वांना माहीत असते, फक्त ज्याची त्याला नसते.

शेरलॉक होम्सचा नमुना एडिंबरोचे शल्यवैद्य जोसेफ बेल होते, हे सर्वश्रुत आहे आणि त्यात विनोदाला फारसा वाव नाही, कारण ते चित्र नमुन्याची प्रतिष्ठा वाढवणारे होते; अशा वेळी नमुना हरकत घेत नाही, फार तर विनयाने श्रेय लेखकाकडे परत ढकलतो, आणि बेल यांनी तेच केले. जी. के. चेस्टरटन यांच्या फादर ब्राउनची कथा अधिक रंगतदार आहे. यॉर्कशायरमधील फादर जॉन ओकॉनर या आयरिश कॅथलिक धर्मगुरूंबरोबर माळरानावरून पायी जाताना समाजातील दुराचाराविषयीची त्यांची सविस्तर आणि बिनचूक माहिती ऐकून चेस्टरटन हबकून गेले. त्यानंतर मुक्कामाच्या घरी केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी, धर्मगुरू पाठ फिरवून जाताच, मठात कोंडून राहणाऱ्या या भाबड्या माणसांना जगातील पापाची काय कल्पना, असा कळवळा व्यक्त केला. कबुलीजबाब ऐकणे, म्हणजे लोकांनी स्वतः येऊन सांगितलेली पापे ऐकून घेणे, हा ज्याचा रोजचा व्यवसाय, त्याला भाबडे समजणाऱ्या या दोन विद्वानांचे उपकार वाचकांनी मानले पाहिजेत, कारण त्या विसंगतीतून गुन्हे उकलणारा धर्मगुरू जन्माला आला आणि १९११ साली त्याचा पहिला कथासंग्रह निघाला. नीटनेटक्या, तल्लख ओकॉनर यांना कथेत गबाळे, वाटोळ्या चेहऱ्याचे आणि छत्री सांभाळता न येणारे करून टाकण्यात आले. त्यांनी तेही आनंदाने सोसले, चेस्टरटनवरील आपल्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावात स्वतःचा उल्लेख फादर ब्राउन असाच केला, आणि १९२२ साली चेस्टरटन यांना कॅथलिक पंथात रीतसर घेतले. पात्राच्या नमुन्याने लेखकालाच पंथांतर करायला लावल्याचे असे उदाहरण रहस्यसाहित्यात शोधूनही सहजासहजी मिळणार नाही.

येथवर सर्व संबंधित खूश आहेत. मग चिडतो कोण? तर ज्याचा लेखकाने विचारही केलेला नसतो तो. याचा अभिजात पुरावा रहस्यकथेतून नव्हे, तर ब्रिटिश कायद्याच्या ग्रंथांतून मिळतो. १९०८ साली ‘संडे क्रॉनिकल’ या वृत्तपत्राने फ्रान्समधील दिएप येथील मोटारगाड्यांच्या उत्सवावर एक खुसखुशीत लेख छापला आणि त्यात पेकहॅम येथील चर्चचा एक सज्जन पदाधिकारी आपली पत्नी नसलेल्या स्त्रीबरोबर तेथे मजा करताना दाखवला. पात्राला आर्टेमस जोन्स असे नाव दिले. इतके विचित्र नाव खऱ्या माणसाचे असणार नाही, हा संपादकांचा भरवसा थॉमस आर्टेमस जोन्स नावाच्या बॅरिस्टरने खोटा पाडला. हे जोन्स चर्चचे पदाधिकारी नव्हते, पेकहॅमला राहत नव्हते, दिएपला गेले नव्हते आणि अविवाहित असल्यामुळे परस्त्री आणि स्वस्त्री हा भेद त्यांना लागूच नव्हता. तरीही त्यांनी बदनामीचा दावा लावला आणि त्यांच्या मित्रांनी न्यायालयात येऊन शपथेवर सांगितले की, लेख वाचताच तो यांच्याविषयीच असल्याची आमची खात्री पटली. असे मित्र असलेल्या माणसाला शत्रूंची गरज काय, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेत नव्हता. ज्युरीने १७५० पौंडांची भरपाई दिली, हाउस ऑफ लॉर्ड्सने ती कायम ठेवली, आणि लेखकाचा हेतू काय होता यापेक्षा वाचणाऱ्यांनी काय समजून घेतले हे महत्त्वाचे, असा दंडक रूढ झाला. दंडक असा की, चावडीवर बसलेल्या मंडळींना पात्र ज्याचे वाटले त्याचे.

पात्रे काल्पनिक असल्याची जी सूचना चित्रपटांच्या आरंभी वा शेवटी झळकते, तिच्यामागे असाच एक खटला आहे. रशियाच्या राजदरबारात वजन असलेल्या रास्पुतिनचा १९१६च्या डिसेंबरात प्रिन्स युसुपोव्ह व त्यांच्या साथीदारांनी खून केला. मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने १९३२ साली यावर चित्रपट काढला आणि त्यात युसुपोव्हसदृश राजपुत्राला खुनी दाखवले. त्याला युसुपोव्ह यांची हरकत असण्याचे कारण नव्हते, कारण आपण तो खून कसा केला यावर त्यांनी स्वतःच पुस्तक लिहिलेले होते. दावा लावला तो त्यांच्या पत्नी प्रिन्सेस इरिना यांनी, कारण चित्रपटातील राजकन्या रास्पुतिनच्या तावडीत सापडल्याचे दाखवले होते आणि प्रत्यक्षात त्या त्याला कधी भेटल्याही नव्हत्या. १९३४ साली लंडनच्या न्यायालयाने त्यांना २५ हजार पौंड मिळवून दिले. पतीला उघडउघड खुनी ठरवल्याबद्दल मात्र त्या कुटुंबाने एक पेनीही मागितली नाही. भारतात बदनामीची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये असून, तिच्या स्पष्टीकरणानुसार मृत व्यक्तीवरील आरोपही, तो तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला असल्यास, बदनामी ठरू शकतो. तेव्हा नमुना वारण्याची वाट पाहणाऱ्या लेखकांनीही फार निश्चिंत राहू नये.

यावर अमेरिकेतील वकिलांच्या वर्तुळात एक विनोदी तोडगा सांगितला जातो. पात्राच्या अंगी असे एखादे खाजगी शारीरिक न्यून चिकटवावे, की भर न्यायालयात उभे राहून ‘तो मीच’ असे म्हणण्याची हिंमत कोणा पुरुषाला होऊ नये. युक्ती नामी आहे, पण तिची गरज दिवसेंदिवस कमी होत आहे, कारण लोक आता पुस्तकात मरण्यासाठी पैसे मोजू लागले आहेत. २००५ साली एका कायदेविषयक संस्थेच्या मदतीसाठी काही अमेरिकन लेखकांनी आपल्या आगामी पुस्तकातील पात्रांची नावे ठेवण्याचा हक्क लिलावात काढला, तेव्हा स्टीफन किंग यांच्या भयकथेतील एका पात्राचे नाव २५,१०० डॉलरना गेले. एवढी रक्कम भरून आपल्या जिवलगाला पिशाच्चवत झुंडींनी भरलेल्या कथेत सोडणारे ग्राहक ज्या समाजात आहेत, तेथे लेखकाने नमुन्याची मनधरणी करण्याचे कारण उरत नाही.

मराठी रहस्यकथेने या सर्व झंझटीतून फार पूर्वीच अंग काढून घेतले होते. चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजेच बाबुराव अर्नाळकर, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. टोपणनावात त्यांनी वसईजवळच्या अर्नाळ्याला अजरामर केले, परंतु नायकांना झुंजार, काळा पहाड अशी नावे दिली. काळा पहाड नावाचा माणूस कोणाच्याही शेजारी राहत नसल्यामुळे बदनामीचा प्रश्न मुळातच मिटला. या सावधगिरीला कारण होते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी रहस्यकथेची एक प्रत खाजगी वाचनालयातून निघून अख्ख्या चाळीत फिरत असे आणि पहिल्या पानावर कोणीतरी दुष्टाव्याने पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले असे. त्या नावाचा माणूस त्याच मजल्यावर राहत असता, तर प्रसंग ओढवला असता. खेड्याचे म्हणावे, तर तेथे पोलीस पाटील हा १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमान्वये नेमलेला अधिकारी असतो आणि गावातील संशयास्पद गोष्टी पोलिसांना कळवणे हे त्याचे कर्तव्यच असते. जे काम इंग्लंडमध्ये मिस मार्पल विणकाम करता करता फुकट करते, त्यासाठी महाराष्ट्रात मानधनाची तरतूद आहे, आणि मानधनावरचा शोधक कादंबरीत रंगत नाही.

आज मात्र सेंट मेरी मीडची जागा घेण्यास सर्वार्थाने पात्र अशी एक वस्ती महाराष्ट्रात उपलब्ध आहे, ती म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था, जिला बोलीत नुसते ‘सोसायटी’ म्हणतात. येथे संशयित मोजके असून सर्व एकाच जिन्यावर भेटतात. खुनाची कारणे शोधावी लागत नाहीत. पार्किंगची जागा, वरच्या मजल्यावरून झिरपणारे पाणी, गच्चीच्या किल्लीचा ताबा आणि मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची फलकावर लावलेली यादी एवढी सामग्री दोन-तीन कादंबऱ्यांना पुरेल. तळमजल्याच्या खिडकीत बसून कोणाकडे किती वाजता कोण आले हे सांगू शकणाऱ्या काकू प्रत्येक इमारतीत असतात, आणि वॉचमनच्या वहीत नोंदलेल्या वेळांवर कोणाचाच विश्वास नसल्यामुळे प्रत्येकाची घटनास्थळी नसल्याची साक्ष आपोआप संशयास्पद होते.

सर्व संशयितांना एका खोलीत जमवून शोधकाने खुन्याचे नाव जाहीर करण्याचा जो अखेरचा प्रसंग इंग्रजी कादंबरीकार मोठ्या खटपटीने जुळवतात, त्याची सोय सहकार कायद्याने ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या रूपाने आधीच करून ठेवली आहे. अडचण एकच, की ठरलेल्या वेळी गणपूर्ती, म्हणजे सभा चालवण्यास लागणारी किमान उपस्थिती, होणार नाही. सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा घ्यावी लागेल, आणि त्या अवकाशात खुन्याला जेवून येता येईल. खुन्याचे नाव विषयपत्रिकेवर आधी कळवलेले नसल्यामुळे ते अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयांत घ्यावे लागेल, आणि त्यावरही एक ज्येष्ठ सभासद हरकत नोंदवतील. नाव जर सचिवांचे निघाले, तर ते शांतपणे उठून गुन्हा कबूल करतील, कारण तो भाग त्यांच्याविषयीच आहे हे त्यांनी हस्तलिखितातच ओळखलेले असेल आणि इमारतीतील चार जणांना अभिमानाने दाखवलेलेही असेल. त्यांचा आक्षेप पुढच्या वाक्याला असेल. गेल्या वर्षीचे हिशेब वेळेवर सादर झाले नव्हते हा उल्लेख इतिवृत्तातून आणि कादंबरीतून वगळल्याशिवाय ते पोलिसांच्या गाडीत बसणार नाहीत.